ताटातली जागा, पंगतीतली जागा

थाई हॉटेलच्या मेनूकार्डावर हिरवी करी, लाल करी, पिवळी करी अशी रंगांची नावं ओळीनं येतात आणि मध्येच एक नाव रंगाशिवाय येतं : मसामान करी. नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण किंवा चिकन, त्यात बटाटा, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, थोडा गूळ आणि वर दालचिनी-वेलचीचा वास. थाई माणूस या नावाचा उच्चार ‘मत्सामान’ असा करतो. शब्द मूळचा थाई नाही. ‘मुसलमान’ या शब्दाचंच ते थाई जिभेवर वळलेलं रूप आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे महागड्या हॉटेलात आपण ‘अस्सल थाई’ म्हणून जे मागवतो, त्याचं नावच मुळी ‘मुसलमानी कालवण’ असं आहे. आज या कालवणाची गोष्ट सांगायची आहे.

आपल्याकडे परदेशी जेवण म्हणजे चायनीज, असा हिशेब बरीच वर्षं होता. १९९३ साली मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात ‘थाई पॅव्हेलियन’ सुरू झालं. शेफ आनंदा सोलोमन यांनी ते नावारूपाला आणलं आणि मुंबईच्या खाणाऱ्यांना थाई जेवणाची गोडी लागली. पुढे आणखी हॉटेलं निघाली. अशा ठिकाणी मीही जेवलो आहे; यजमान अर्थातच दुसरे होते. कवितेच्या मानधनात तिथलं सूपसुद्धा येत नाही. मंद दिवे, कोरीव काम केलेली फळं, पांढऱ्याशुभ्र बशा. वाढपी अदबीनं सांगतो, यात लेमनग्रास आहे, यात गलांगल आहे. लेमनग्रास म्हणजे आपला परसातला गवती चहा. गलांगल म्हणजे कोळिंजन, वैद्य-हकिमांच्या दुकानातलं, गाणारे लोक घशासाठी तोंडात धरतात ते. आणि ज्या वाटणानं करीला खोली येते, ते असतं खारवून आंबवलेल्या बारीक कोळंबीचं, कोकणातल्या जवळ्याच्या जातकुळीचं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी हमखास चॉपस्टिक मागतं. खरं तर थाई लोक पूर्वी हातानं जेवत. एकोणिसाव्या शतकात राजवाड्यातून काटा-चमचा आला आणि पुढे घरोघरी गेला. काड्या लागतात त्या मुख्यतः चिनी पद्धतीच्या शेवयांना.

आता मसामानचं वाटण पाहा. एरवी थाई करीचं वाटण ओलं असतं : मिरची, लसूण, छोटे कांदे, गवती चहा, कोळिंजन, कोळंबीचं वाटण, सगळं खलबत्त्यात कुटलेलं. मसामानमध्ये याच्या जोडीला धणे, जिरे, लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ येतात आणि तेही भाजून. खडा मसाला भाजून घालायचा हा संस्कार पश्चिमेकडून समुद्रावरून आलेला आहे.

तो आला कसा, हे पाहायचं तर अयुथ्थयाला जावं लागतं. १३५१ मध्ये वसलेली सयामची ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्यानं उद्ध्वस्त केली. मधली चारशे वर्षं ती आशियातली एक मोठी बाजारपेठ होती. चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच, इराणी, सगळ्यांच्या तिथं वस्त्या होत्या. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणातल्या कोम शहरातून शेख अहमद नावाचा व्यापारी तिथं आला. राजानं त्याच्याकडे बंदराच्या व्यापाराचा कारभार सोपवला, राज्यातल्या मुसलमानांचा प्रमुख केलं. ‘चुलाराचमोंत्री’ हे त्याचं पद थायलंडमध्ये आजही आहे. त्याच्या घराण्याची एक शाखा पुढे बौद्ध झाली. तिच्यातलाच चुआंग बुन्नाक हा १८६८ ते १८७३ या काळात, राजा चुलालोंगकोर्न लहान असताना, राज्याचा पालक होता.

या इराणी व्यापाऱ्यांची एक मोठी वाट आपल्या दख्खनवरून जात होती. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं बंदर होतं मच्छलीपट्टण. तिथून गलबतं बंगालचा उपसागर ओलांडून मेरगुईला लागत आणि तिथून माल जमिनीवरून अयुथ्थयाला पोहोचे. १६७७ साली शिवाजी महाराज ज्या गोवळकोंड्याला गेले, त्याच गोवळकोंड्याचे व्यापारी त्या काळात सयामशी देवघेव करत होते. तेव्हा सयामच्या गादीवर नाराई राजा होता. १६८५ मध्ये इराणच्या शहानं त्याच्याकडे वकील पाठवले. त्या वकिलातीच्या चिटणिसानं फारसीत लिहिलेला वृत्तान्त उपलब्ध आहे. राजाला लहानपणापासून इराणी लोकांच्या जेवणाची आवड होती, असं त्यात नोंदलेलं आहे. मसामानची मुळं अनेक जण याच वस्तीत शोधतात.

या पदार्थाचा जुना आणि नामांकित साक्षीदार आहे एक कविता. मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून मला याचं विशेष अप्रूप. १८०९ मध्ये जो दुसरा राम म्हणून गादीवर बसला, त्या राजानं राजपुत्र असताना आपल्या प्रियेच्या हातच्या पदार्थांवर काव्य रचलं, तेही होडी वल्हवताना गायच्या छंदात. त्यात मसामानचं नाव आणि जिऱ्याचा उल्लेख आहे. वेलची घातलेल्या परदेशी पद्धतीच्या भाताचाही आहे. बौद्ध राजपुत्राला आपल्या प्रेमाची गोष्ट सांगताना मुसलमानी कालवण आठवलं आणि त्याचं नाव बदलावंसं काही त्याला वाटलं नाही.

त्या ताटातलं बाकीचंही पाहा. मिरची अमेरिकेतली, बटाटा आणि भुईमूगही दक्षिण अमेरिकेतले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा वकील अयुथ्थयाला पोहोचला. तो रस्ता खुला झाल्यावर नव्या जगातली पिकं आशियाभर पसरली. आपण ‘बटाटा’ म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजांचाच. उपासाला चालणारा बटाटा जर इतका दूरचा, तर थाई करीतल्या मिरचीला परकी कोण म्हणणार? थाई स्वयंपाक्यांचं कर्तृत्व हे, की त्यांनी आलेल्या प्रत्येक जिनसेला आंबट, गोड, खारट, तिखट यांच्या आपल्या मोजमापात बसवलं.

विसाव्या शतकात मात्र ‘अस्सल’ ठरवायचं काम सरकारनं हाती घेतलं. १९३९ मध्ये पंतप्रधान फिबुनसोंगखराम यांनी सयामचं नाव थायलंड केलं. लोकांनी काय घालावं, कोणती भाषा बोलावी, याचे हुकूम निघाले. त्याच राजवटीत चिनी पद्धतीच्या तांदळाच्या शेवया ‘थाई’ नावानं राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आल्या. तेच आजचं पॅड थाई. २००२ मध्ये सरकारनं ‘ग्लोबल थाई’ ही मोहीम सुरू केली. तेव्हा जगभरात सुमारे ५,५०० थाई हॉटेलं होती. ती आणखी हजारोंनी वाढवायची, देशाचं नाव जिभेवरून मनात उतरवायचं, असा बेत होता. तो चांगलाच फळला. २०११ मध्ये सीएनएनच्या प्रवासविषयक संकेतस्थळानं जगातल्या पन्नास उत्तम पदार्थांची यादी केली, तिच्यात पहिला क्रमांक मसामान करीचा होता.

इथं गोष्ट सुखानं संपली असती. पण थायलंडच्या दक्षिण टोकाला पट्टाणी, याला, नराथिवात हे प्रांत आहेत. तिथं बहुसंख्य मलय भाषा बोलणारे मुसलमान राहतात. फिबुन यांच्या हुकमांनी त्यांच्या पोशाखावर आणि भाषेवर घाला आला. १९४७ मध्ये हाजी सुलोंग या धर्मपंडितानं सरकारपुढे सात मागण्या ठेवल्या. शाळेत मलय भाषा असावी, ही त्यातली एक. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. सुटून आल्यावर १९५४ मध्ये ते पोलिसांच्या बोलावण्यावरून गेले ते परतलेच नाहीत. २५ ऑक्टोबर २००४ रोजी, रमजानच्या महिन्यात, ताक बाई इथं निदर्शनं करणाऱ्यांना पकडून लष्करी ट्रकांत एकावर एक रचलं गेलं. त्या दिवशी ८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक गुदमरून. खटल्याची वीस वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

म्हणजे ताटात जागा मिळणं वेगळं आणि पंगतीत जागा मिळणं वेगळं. हे फक्त त्या देशाचं नाही. ईदला माझ्या घरच्या शीरखुर्म्याची वाट पाहणारे मित्र मला आयुष्यभर लाभले आणि त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण एकदा भाड्यानं घर शोधत असताना एका सोसायटीत सगळं ठरलं, माझं मराठी ऐकून कमिटीतले गृहस्थ खूशही झाले. मग मी नाव सांगितलं आणि घर अचानक त्यांच्या पुतण्याला लागणार असल्याचं कळलं. त्याच गृहस्थांनी मघाशी भेंडीबाजारातल्या नल्ली-निहारीची तारीफ केली होती.

पदार्थाला वाट मोकळी असते. त्याला आडनाव विचारत नाहीत, भाषा विचारत नाहीत. चव जमली की तो घरचा होतो. माणसाला तसं व्हायला किती पिढ्या लागाव्यात, याचं उत्तर कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. शेख अहमदाला सयामच्या दरबारात पंगतही मिळाली होती, हे मात्र इतिहासात लिहिलेलं आहे. चारशे वर्षांपूर्वी जे एका राजाला जमलं, ते एका सोसायटीच्या कमिटीला जमायला हरकत नसावी.