न खपलेला माल कोणाच्या माथीं?

एकच वस्तु निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतीनें विकत घेतली जाते, हें पाहिलें कीं आपण त्याचें कारण लोकस्वभावांत शोधूं लागतों. जपानी माणूस सोशिक म्हणून रांगेंत उभा राहतो, अमेरिकन माणूस चंचल म्हणून नित्य नवें मागतो, असे सोपे निष्कर्ष आपण काढतों. व्हिडिओ गेमच्या व्यापाराचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. न खपलेल्या मालाची तोशीस कोणीं सोसावयाची, या प्रश्नाला ज्या देशांत जें उत्तर मिळालें, त्यावरून तेथील गिऱ्हाइकाच्या संवयी पुष्कळशा घडल्या.

अमेरिकेपासून आरंभ करूं. १९८२ सालच्या नाताळांत अटारी कंपनीनें गरजेहून कितीतरी अधिक माल बाजारांत ओतला. दुकानांच्या फळ्या भरल्या, पण गिऱ्हाईक फिरकेना. पुढल्या वर्षीं किंमती कोसळल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्यें अटारीनें आपला पडून राहिलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथील उकिरड्यांत पुरला. २०१४ सालीं त्यांतील कांहीं भाग उकरून बाहेर काढण्यांत आला. हात पोळलेले दुकानदार यानंतर व्हिडिओ गेमचें नांव काढूं देईनात. म्हणून १९८५ सालीं निन्टेन्डो ही जपानी कंपनी न्यूयॉर्कांत उतरली, तेव्हां तिला सारा धोका आपल्या शिरावर घ्यावा लागला. माल आम्ही मांडतों, पैसे मागाहून द्या, उरेल तो आम्ही परत नेऊं, अशी तिची बोली होती.

स्वदेशीं हीच कंपनी निराळ्या रीतीनें वागत होती. जुलै १९८३ मध्यें तिनें जपानांत १४,८०० येनांना 'फॅमिली कॉम्प्युटर' हें यंत्र विकावयास काढलें. त्याचे खेळ घाऊक व्यापाऱ्यांकडून गल्लीबोळांतील दुकानांत पोंचत, आणि एकदां उचललेला माल परत करण्याची सोय नसे. साहजिकच दुकानदार हात राखून मागणी नोंदवी. नांवाजलेला खेळ पाहतां पाहतां संपे. १० फेब्रुवारी १९८८ रोजीं 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिकेंतील तिसरा खेळ आला, तो दिवस बुधवार होता. शाळा बुडवून रांगेंत उभ्या राहिलेल्या शेंकडों मुलांना पोलिसांनीं हटकलें. चौथा खेळ १९९० सालीं आला, तेव्हां एका घाऊक व्यापाऱ्यानें दुकानदारांना अट घातली कीं, याची एक प्रत हवी असेल तर वखारींत पडलेले तीन खेळ घ्यावे लागतील. जपानच्या न्याय्य व्यापार आयोगानें १९९२ सालीं ही रीति बेकायदा ठरविली. अमेरिकेंत जो माल उकिरड्यांत गेला, तसला माल येथें दुकानदाराच्या माथीं मारला जात होता.

गिऱ्हाइकालाही धोका होताच. महागडा खेळ घेतला आणि तो नीरस निघाला तर काय करावें? इंग्लंडांत १९८४ पासून मास्टरट्रॉनिक कंपनीनें खेळांच्या कॅसेटी अवघ्या १ पौंड ९९ पेन्सांना विकल्या. त्या वृत्तपत्रांच्या दुकानांतही मिळत, आणि मुलांच्या खाऊच्या पैशांत बसत. अमेरिकन कुटुंबें खेळ भाड्यानें आणीत. निन्टेन्डोनें या प्रथेविरुद्ध बराच झगडा केला, पण १९९० च्या कायद्यानें संगणकाच्या प्रणाली भाड्यानें देण्यास बंदी घालतांना अशा यंत्रांवरील खेळ वगळले. जपानांत हक्कधारकाच्या संमतीवांचून खेळ भाड्यानें देतां येत नसे. तेथें जुने खेळ विकत घेणारीं व विकणारीं दुकानें भरभराटलीं. कंपन्यांनीं त्यांना न्यायालयांत खेंचलें. २५ एप्रिल २००२ रोजीं जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, एकदां विकलेल्या प्रतीच्या फेरविक्रीवर कंपनीचा ताबा उरत नाहीं.

आज बहुतेक खेळ तारेवाटे थेट घरांत येतात. अशा विक्रींत फळी नाहीं, वखार नाहीं, आणि म्हणून उरलेला मालही नाहीं. परंतु असा खेळ साधारणतः मित्राला देतां येत नाहीं कीं बाजारांत विकतां येत नाहीं, कारण गिऱ्हाइकाला मिळते ती केवळ वापरण्याची परवानगी. कॅलिफोर्निया संस्थानानें १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना ही गोष्ट गिऱ्हाइकास स्पष्ट सांगण्याची सक्ति केली आहे. माल अंगावर पडण्याची व्यापाऱ्याची जुनी भीति गेली, हें चांगलें झालें. पण तिच्यामागोमाग गिऱ्हाइकाची मालकीही निघून गेली, आणि ती परत आणावयाची तर पूर्वीप्रमाणेंच कोणाला तरी न्यायालयाची पायरी चढावी लागेल.