शिपाईगडी माउलीचा

आळंदीला आपण जेव्हा जेव्हा जातो, तेव्हा महाद्वारात पहिल्या पायरीशी हात टेकतो, तो कपाळाला लावतो आणि आत जातो. ती पायरी हैबतबाबांची. त्या पायरीखाली कोण निजला आहे, याचा क्षणभर विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

हैबतराव पवार हे सातारा भागातल्या आरफळ गावचे. पोटासाठी नव्हे, पराक्रमासाठी घर सोडून ते ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी राहिले. तलवार, घोडा, मानमरातब सारे मिळाले. पुढे मिळवलेले धन बरोबर घेऊन ते गावाकडे निघाले. परंपरा सांगते, की सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटले, गुहेत कोंडले आणि तोंडाशी शिळा लावली. आत अन्न नाही, उजेड नाही. शिपायाजवळ उरला तो हरिपाठ. एकवीस दिवस तोच चालला. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात शिळा सरली, आणि आत हा गडी नामात रंगलेला दिसला. नायकाने धन परत देऊन वाट मोकळी केली. पण हैबतरावांची वाट आता निराळी झाली होती. ते आरफळला न जाता आळंदीला आले आणि माउलींचे झाले.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून पंढरीची वारी सुरू केली होती. पुढे देहूकर घराण्यात मानाबद्दल वाद झाले, तेव्हा हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सेवा दिली. ते घोडे आजही अंकलीहून चालत येतात.

आता नीट पाहा. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीला आपला क्रमांक. दिंडीत टाळकरी कुठे, वीणेकरी कुठे, तुळस कुठे, हे ठरलेले. कोणत्या वेळी कोणते भजन, तेही ठरलेले. कर्ण्याच्या इशाऱ्यावर तळ हलतो, चोपदाराच्या दंडावर तळ शांत होतो. ही सारी फौजेची रीत. आयुष्यभर लष्करात शिकलेले बाबांनी टाकून दिले नाही. माउलींच्या पायी वाहिले. मात्र वाहताना त्यातले दोन काटे काढले.

पहिला काटा हुकमतीचा. फौजेत उत्तम घोड्यावर सेनापती बसतो. इथे एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, पण माउलींच्या घोड्याची पाठ रिकामी असते. त्यावर कोणी चढत नाही. सेनापती माउली, बाकी आपण सारे पायदळ.

दुसरा काटा मुक्या आज्ञेचा. समाजआरतीला चोपदाराने दंड उंच केला की लाखांचा समुदाय गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, मग आरती. लहानात लहान दिंडी साऱ्या सोहळ्याला थांबवू शकते. कोणत्या फौजेत शिपायाला असा अधिकार आहे?

म्हणून, वारकरी हो, शिस्त म्हणजे धाक असे समजू नका. मागच्या म्हाताऱ्याला वाट मिळावी, पुढच्याचा अभंग तुटू नये, हरवलेले पोर आरतीपर्यंत सापडावे, यासाठी ती आहे. हल्ली रिंगणात रेटारेटी होते, दर्शनासाठी रांग मोडून माणसे घुसतात, क्रमांकावरून शब्दाला शब्द लागतो. असे करताना आपण नियम मोडतो एवढेच नाही. त्या शिपायाने माउलींना दिलेली दक्षिणा परत काढून घेतो.

1836 साली बाबांनी देह ठेवला. ज्याने एवढा सोहळा उभा केला, त्याला गाभाऱ्याजवळ जागा मागता आली असती. त्याने जागा घेतली पायरीची, जिथे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ पडते. कार्तिकीचा आळंदीचा सोहळा आजही त्या पायरीच्या पूजनानेच सुरू होतो.

यंदा आषाढीला दिंडीत आपली जागा घ्याल तेव्हा ती पुढे आहे की मागे, हे पाहू नका. जागा राखली की सेवा घडली. पायरीखालच्या माणसाने एवढेच शिकवले आहे.

रामकृष्ण हरी.