पेटीवरचे नाव

आमच्या जामसंड्यात ‘पेटी’ हा शब्द कोणी उच्चारला, तर ऐकणाऱ्याने आधी महिना कोणता चालू आहे ते पाहावे, असा शिरस्ता आहे. चैत्र-वैशाखात ती हापूस आंब्याची पेटी असते, आत सुके गवत आणि वर बागायतदाराचा शाईने उमटवलेला मार्का. कार्तिक उलटला आणि जत्रांच्या रात्री सुरू झाल्या म्हणजे ती दशावतारात मृदंगाशेजारी बसणारी सुरांची पेटी होते. आणि बोलणारे माणूस पुरेसे वयोवृद्ध असेल, तर महिना कोणताही असो, ती मुंबईच्या बोटीतून देवगड बंदरात उतरलेली, कर्णा लावलेली गाण्याची पेटी असते. या तीन पेट्यांच्या पंक्तीला माझ्या घरात आता चौथी येऊन बसली आहे. ती पानाच्या डब्याहून लहान असून माळ्यावर एका फळीवर असते, तिला कर्णा नाही, चावी नाही, सुई नाही, आणि तिच्या अंगातून स्वतःचा असा एकही स्वर निघत नाही. तथापि आजोबांपासून माझ्यापर्यंत तीन पिढ्यांनी जमवलेले सगळे गाणे तिच्या पोटात आहे, आणि ओटीवरच्या ध्वनिवर्धकाने मागणी केली की ती ते तारेवाटे खाली पाठवते. तिला ‘म्युझिक सर्व्हर’ म्हणतात. ही पेटी कोणत्या कुळातली, याचा शोध घेण्याची बुद्धी मला ती मांडताना झालेल्या एका चुकीने दिली. ती चूक यथावकाश सांगेन.

आधी नाव. ‘सर्व्हर’ हा शब्द संगणकाच्या मुलखात मूळचा रहिवासी नव्हे; तो तेथे रांगांच्या गणितातून दाखल झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली, दूरध्वनीची मागणी किती येईल आणि ती पुरी करावयास किती माणसे तैनात ठेवावी, या प्रश्नाचा प्रथम शास्त्रशुद्ध विचार केला; त्याच्या लेखनात ही माणसे साधी टेलिफोनवाली होती. पुढे १९५३ साली केंडल या इंग्रज गणितज्ञाच्या निबंधात त्यांना ‘सर्व्हर’ ही सर्वसामान्य संज्ञा मिळाली, आणि १९६९ साली अमेरिकेतील दूरदूरचे संगणक तारेने जोडण्याचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या अगदी आरंभीच्या टिपणांतच मागणाऱ्या यंत्रास एक नाव आणि पुरवणाऱ्या यंत्रास ‘सर्व्हर’ हे नाव पडले. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना पंडितांनी ‘सेवासंगणक’ वगैरे जड शब्द घडवले आहेत. मला विचाराल तर ‘वाढपी’ हा शब्द तयार होता. मुदपाकखाना एकीकडे, पंगत दुसरीकडे, आणि मधल्या मधे, कोणाच्या पानावर काय संपले आहे ते हेरून वाढीत जाणारा वाढपी. स्वतः न जेवणारा, हे त्याचे मुख्य लक्षणही जुळते. (मागणाऱ्या यंत्राला इंग्रजीत वकिलाच्या अशिलाचेच नाव आहे, हे ऐकून आमच्या शेजारच्या निवृत्त वकिलांना झालेला आनंद वर्णन करण्यापलीकडचा होता.)

आता कूळ. या पेटीला दोन घराणी आहेत, आणि गंमत अशी की त्यांपैकी आजोळचे घराणे, म्हणजे तारेचे, आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ जुने आहे. १८८१ साली पॅरिसला विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा क्लेमां आदेर याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडून तेथील गायन तारांवाटे प्रदर्शनाच्या दालनात आणले, आणि लोकांनी दोन्ही कानांना दोन श्रवणनलिका लावून, समोर गायक नसताना, तो उजवीकडे उभा आहे की डावीकडे हेही ओळखले. १८९३ साली बुडापेस्ट शहरात तर तारेने घरोघर बातम्या आणि संगीत पोहोचवणारी वर्गणीची संस्था सुरू झाली. म्हणजे गाणारा एका ठिकाणी आणि ऐकणारा भलत्याच ठिकाणी, ही कल्पना आकाशवाणीच्याही आधीची. उणीव एवढीच होती की त्या तारेला स्मरणशक्ती नव्हती. गाणे संपले की संपले.

स्मरणशक्ती पितृकुळाकडून आली. एडिसनचे १८७७ चे नळकांडे आणि बर्लिनरची १८८७ ची चपटी तबकडी या घराण्याचा इतिहास सर्वश्रुत असल्यामुळे तो मी येथे उगाळत नाही. तबकडी ज्या लाखेची होत असे ती लाख मात्र मुख्यतः आपल्याच देशाच्या जंगलांतून जाई, आणि लाक्षागृह हे आपल्याकडचे पहिले ज्वालाग्राही बांधकाम असल्यामुळे त्या पदार्थाशी आपला परिचय जुना आहे, इतके नमूद करून मी १९०२ च्या नोव्हेंबरवर येतो. त्या महिन्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास ध्वनिमुद्रणास आला आणि त्याच्या कर्ण्यासमोर गौहरजान गायल्या. गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव उच्चारले, आणि ते नावही गाण्याबरोबरच मेणावर कोरले गेले. पुष्कळ लोक याला गायिकेची ऐट समजतात. वस्तुतः कारण कारकुनी होते: ती मुद्रणे जर्मनीत हानोव्हर येथे जाऊन तेथील कारखान्यात तबकड्या निघत, आणि तेथील कामगारांस हिंदुस्थानातला कोणता आवाज कोणाचा हे कळण्यास दुसरा मार्ग नव्हता, सबब गाणाऱ्याने शेवटी आपले नाव सांगावे अशी तजवीज ठेवलेली होती. देवगडचा आंबा मुंबईच्या दलालाकडे जाताना पेटीवर मार्का उमटवला जातो, त्याच जातीची ही व्यवस्था. फळाने आपले कूळ स्वतः सांगावे अशी सोय नसते; ते पेटीने सांगावे लागते.

पुढील पाऊणशे वर्षे हे काम तबकडीवरचा गोल कागद चोख करीत आला, आणि मग १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची मोजदाद करून तिचे आकडे मांडणाऱ्या या चकचकीत वस्तूत, आश्चर्य असे की, गाण्याचे नाव लिहिण्याची कल्पनाच मूळ योजनेत नव्हती. प्रत्येक गाणे कितव्या मिनिटाला सुरू होते, एवढीच तिची फेरिस्त. नाव वेष्टनावर छापलेले असताना ते आत कशाला, असा विचार असावा. परंतु लोक ती डिस्क संगणकात घालू लागले, वेष्टन टेबलावरच राहिले, आणि संगणकापुढे निनावी आकड्यांचा ढीग पडला. यावर निघालेला तोडगा मला फार हृद्य वाटतो: गाण्यांच्या लांबींचा जो क्रम असतो, तो दोन डिस्कांचा सहसा एकसारखा नसतो, म्हणून त्या लांबींवरूनच डिस्क ओळखायची आणि कोणा परोपकारी माणसाने हाताने लिहून ठेवलेली नावे इंटरनेटवरून मागवायची. पाऊलखुणांवरून माणूस ओळखण्याचाच हा प्रकार.

१९९५ साली जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी आपल्या ध्वनिसंक्षेपाच्या फायलींना ‘एमपी३’ हे उपनाम दिले, आणि पुढच्याच वर्षी एरिक केम्प नावाच्या गृहस्थाने त्या फायलीला नाव जोडण्याची युक्ती काढली. १२८ बाइटांची एक चिठ्ठी. तीत गाण्याच्या नावाला तीस, गायकाला तीस, अल्बमला तीस, वर्षाला चार, आणि प्रकार सांगण्यास एक आकडा. ही चिठ्ठी त्याने डकवली कोठे? फायलीच्या अगदी शेवटी, गाणे संपल्यावर. गौहरजानचा गौरव करण्याचा त्याचा हेतू नसणार. जुन्या यंत्रांनी ती चिठ्ठी संगीत समजून वाजवू नये, इतकेच व्यावहारिक कारण. तरी चौऱ्याण्णव वर्षांनी नाव पुन्हा त्याच जागी येऊन बसले. चिठ्ठी आपल्यासाठी नव्हती हेही उघड आहे. तिच्या ऐंशी प्रकारांत पोल्का नाचाला जागा होती, ख्याल, अभंग आणि नाट्यपदाला नव्हती. आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आजच्या रूढ लेखनपद्धतीत तीन बाइट लागत असल्यामुळे, नुसते ‘संगीत स्वयंवर’ हे नाटकाचे नाव लिहायचे तर सदतीस बाइट होतात, तिसांत रुक्मिणीचे लग्न पुरे होत नाही.

तारेचे घराणे आणि तबकडीचे घराणे यांचा विवाह २००१ साली कॅलिफोर्नियात झाला, असे मी धरतो. शॉन ॲडम्स याने स्लिम डिव्हायसेस ही छोटी कंपनी काढून एक सडपातळ यंत्र विकावयास आणले, ज्यात साठवण मुळीच नव्हती. गाणी दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर, तेथला संगणकीय कार्यक्रम ती पाठवणार आणि हे यंत्र ती घेऊन ध्वनिवर्धकाकडे देणार. त्याच वर्षी ध्वनीचा कणही न गाळता फाइल जवळजवळ निम्म्यावर आणणारी ‘फ्लॅक’ ही पद्धत वापरण्यायोग्य होऊन बाहेर पडली, आणि तिच्या चिठ्ठीत हवे ते रकाने हवे तितके लांब लिहिता येऊ लागले. स्लिम कंपनी २००६ साली लॉजिटेकने घेतली, २०१२ साली ती यंत्रे करणे थांबले. पण तिचा कार्यक्रम आरंभापासून सर्वांस खुला असल्यामुळे मालक गेला तरी वहिवाट चालू राहिली, आणि २०२४ पासून तो ‘लायरिऑन’ या नावाने नांदतो आहे. माझ्या माळ्यावरच्या रास्पबेरी पाय या लहानग्या संगणकात तोच आहे.

मांडणीचे फारसे कौतुक सांगण्यासारखे नाही. हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींपुढे वायफायने ओटीपर्यंत येण्याचे साफ नाकारले, म्हणून पाखाड्याखालून तार ओढली. खाऱ्या हवेने तिच्या टोकांना पहिल्या पावसाळ्यातच हिरवा गंज चढला, म्हणून ती दरसाल पुसावी लागतात. आणि मृगाच्या विजांनी साठवणीची एक डिस्क खाऊन टाकल्यापासून दुसरी प्रत घराबाहेर, मुंबईला भाच्याकडे असते. हे सगळे चार दिवसांचे काम. कठीण ते पुढेच होते. भाच्याने मे महिन्याच्या सुटीत मोठ्या उत्साहाने, जुन्या तबकड्यांना लागणारी जाड सुई आणून, आजोबांचा संग्रह एकामागून एक संगणकात उतरवला, आणि ओटीवर बसून मी मोबाइलवर पाहतो तो ओळीने ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक १’. थोरल्या काकीने चष्मा लावून ती यादी वाचली आणि म्हणाली, “झिला, ह्येंका नाव नाय, गाव नाय, घरात घेतलंस कित्याक?”

त्या दिवसापासून मी दफ्तरदार झालो. पेशवे दफ्तरातल्या रुमालांप्रमाणे तबकड्यांना क्रमांक दिले आणि एकेक नोंद करू लागलो, तेव्हा उमगले की ‘गायक’ आणि ‘अल्बम’ हे दोन रकाने आपल्या गाण्याला कसे अपुरे आहेत. स्वयंवरातले एखादे पद घ्या: नाटक आणि पद कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची, गाणारे बालगंधर्व, पण गातात ती रुक्मिणी, नाटक १९१६ चे, तबकडी निराळ्या सालची. यात अल्बम कोणता? मी नाटक, पदकर्ता, चाल, राग, भूमिका असे पाच रकाने पाडले. एका तबकडीवर ‘बालगंधर्व’ आणि दुसरीवर ‘नारायणराव राजहंस’ अशी नोंद झाली, तर सर्व्हर त्यांना दोन स्वतंत्र इसम समजून दोन पाने मांडतो, तेही निस्तरले. या कामी तबकडीच्या मध्यभागी, खाचा संपतात तेथे कोरलेला क्रमांक हाच विश्वसनीय दाखला असतो, हे मला १९९० पासून मुंबईत कार्य करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या मंडळाच्या उद्योगामुळे समजले. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या त्यांच्या नियतकालिकातून केलेली ही बारनिशी नसती, तर माझ्यासारख्याने कोठून आरंभ करावा हेही कळले नसते.

आणि आता ती चूक. गाण्याच्या आधीची आणि नंतरची खरखर नको, म्हणून भाच्याने प्रत्येक फाइलीची दोन्ही टोके कापली होती. आमच्याकडच्या सर्वांत जुन्या सातआठ तबकड्यांवर गाणारा शेवटी आपले नाव सांगतो, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते, कारण वडील गाणे संपताच, नाव येण्याच्या आत, सुई उचलीत. कागद गेलेल्या तबकड्यांपुरता तोच एक आधार होता. त्या मी पुन्हा वाजवल्या आणि सहांची नावे पदरात पडली. सातवी तोवर माळ्यावरून उतरवताना दुभंगली होती. तिच्यातले गाणे शाबूत आहे, कोण्या बाईंचा पल्लेदार आवाज आहे, शेवटची तान समेवर येते आणि फाइल तेथेच तुटते. तिचा रकाना कोरा सोडणे मनाला पटेना, म्हणून मी ‘अज्ञात’ लिहिले. अकारामुळे ते नाव यादीत सर्वांच्या वर लागले आहे, आणि संध्याकाळी ओटीवर बसून कोणीही काहीही लावायला निघाला, की पेटी आधी तेच पुढे करते.