दहा दिवसांचे अंतर

पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे म्हणायची पद्धत आहे. १४ जानेवारी १७६१ ही लढाईची तारीख आणि आजचा तिळगुळाचा दिवस एकच, त्यामुळे वाक्प्रचार आपसूक जुळतो. अडचण एवढीच, की त्या बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला, संक्रांत नव्हतीच. ती तीन-चार दिवस आधी होऊन गेली होती, आणि तेव्हा मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या छावणीत तिळगुळ सोडाच, जनावरांच्या तोंडी घालायला चाराही उरला नव्हता.

संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. आपले पंचांग वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजते, तर इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालते. दोन्ही वर्षांत वीसेक मिनिटांचा फरक पडतो. तो साठत साठत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांनी संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. त्याच्या आणखी शंभर वर्षे मागे जा, की संक्रांत दहा जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे वाक्प्रचार झकास असला, तरी पंचांग त्याला साथ देत नाही.

मुळात पानिपतावर लढणाऱ्यांपैकी कुणाच्याही डोक्यात ‘१४ जानेवारी’ नव्हती. मराठी दफ्तराचे ते वर्ष होते ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अरबी शब्दांत लिहिलेले सुहूर सन ११६१. हे वर्ष बदलायचे सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पत्राच्या तळाशी तारखेच्या जागी ‘छ’ लिहून पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र. छ म्हणजे चंद्र. तिथी शालिवाहन शकाची, महिना हिजरी, वर्ष सुहूर, आणि हे सगळे मोडीत, ब्राह्मण कारकुनाच्या हातचे. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. पंचाईत झाली ती पुढे, या सगळ्याची इंग्रजी तारीख काढायला बसलेल्यांची. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांनी १८९६ मध्ये भारतीय कालगणनेवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला, तो याच गरजेतून.

पण इंग्रजी तारीख म्हणजे तरी कोणती? १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावा याने जुन्या ज्युलियन कॅलेंडरातले दहा दिवस गाळून ते सूर्याशी जुळवून घेतले. कॅथलिक पोर्तुगालने ते लगेच मान्य केले. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचे ऐकायचे नाही म्हणून पावणेदोनशे वर्षे जुनेच कॅलेंडर चालवले. त्यामुळे शिवकाळात गोव्यातला पोर्तुगीज आणि मुंबईतला इंग्रज एकाच दिवशी दहा दिवसांच्या अंतराने तारीख टाकत होते. मुंबई बेट तर १६६५ मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेले, तेव्हा कागदोपत्री दहा दिवस मागेच आले म्हणायचे.

ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवरायांच्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. त्याच्या वृत्तांतातली तारीख अर्थातच इंग्रजी जुन्या पद्धतीची, ६ जून १६७४. तीच पाठ्यपुस्तकांत आली आणि तीच सोहळ्यांच्या फलकांवर गेली. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १६ जूनचा. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे देशमुखांकडच्या तिथीवार नोंदींत, आणखी एक गंमत दिसते. तिथे सिंहासनारोहण शुक्रवारी, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीला नोंदलेले आहे, कारण तीन घटका रात्र उरली होती. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजांचा मध्यरात्री. त्यामुळे इंग्रजी हिशेबाने शनिवार उजाडला होता, गडावर मात्र अजून शुक्रवारच चालू होता. आपण आज पाळतो ती तिथी त्रयोदशी.

थोरल्या बाजीरावांचेही तेच. नर्मदेकाठी रावेरखेडीला ते गेले ती तारीख सगळीकडे २८ एप्रिल १७४० अशी छापतात. तिथी होती वैशाख शुद्ध त्रयोदशी. नव्या कॅलेंडरच्या २८ एप्रिलला आकाशात द्वितीया-तृतीयेची कोर होती. त्रयोदशीचा भरत आलेला चंद्र ९ मेचा. १७०० नंतर दोन कॅलेंडरांतले अंतर दहाचे अकरा झाले होते. इंग्लंड १७५२ मध्ये शुद्धीवर आले: २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार. पानिपत त्यानंतरचे, म्हणून त्याच्या तारखेला हा घोळ चिकटला नाही.

सगळ्यात लांबलेले प्रकरण शिवजन्माचे. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल रूढ होते. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची हीच शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणली आणि त्या समजुतीला धक्का बसला. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार असे स्पष्ट होते. पुढे सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरात कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ सापडले, त्यातही हीच तिथी. जोधपूरकडे मिळालेली जन्मकुंडलीही तिच्याशीच जुळली. तिन्ही साधने एकमेकांपासून दूरची, तरी उत्तर एकच. एवढे असूनही वाद अनेक दशके धुमसत राहिला, समित्या बसल्या, आणि शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पक्की केली ती विसावे शतक सरताना.

ही तारीखसुद्धा ज्युलियन. ग्रेगोरियन हिशेबाने १ मार्च. शिवाय इंग्रजांचे अधिकृत वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणजे त्या काळच्या इंग्रज कारकुनाने तोच दिवस १९ फेब्रुवारी १६२९ असा लिहिला असता. तिथीवाले आणि तारीखवाले दरवर्षी भांडतात, तेव्हा ही बाब दोन्ही बाजूंना फारशी सोयीची नसते.

राज्याभिषेकाचे साडेतीनशेवे वर्ष २०२३ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी २ जूनला आली. रायगडावर तिथीचा सोहळा झाला, आणि चार दिवसांनी, ६ जूनला, तारखेचा. दोन्ही वेळा गड माणसांनी फुलला. आजच्या कॅलेंडरने जो खरा दिवस, त्या १६ जूनला ना ढोल वाजले, ना पालखी निघाली.