चर्च विकले गेले, पण इतिहास परत मिळवला

अमेरिकेत भेदभाव होता तो फक्त दक्षिणेत, उत्तरेत समता नांदत होती, असा अनेकांचा समज आहे. बोस्टनमधील ‘आफ्रिकन मीटिंग हाऊस’ या जुन्या चर्चचा इतिहास हा समज खोडून काढतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये १७८० च्या दशकात न्यायालयीन निकालांनी गुलामगिरीचा पाया ढासळला. पण गोऱ्यांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना वरच्या गॅलरीतच बसवले जाई. देव एक, बाके मात्र वेगळी! म्हणून १८०५ मध्ये टॉमस पॉल यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची मंडळी स्थापन केली. आफ्रिकेत जन्मलेल्या केटो गार्डनर यांनी दीड हजार डॉलरहून अधिक निधी जमवला आणि १८०६ मध्ये इमारत उभी राहिली. तरीही उद्घाटनाच्या दिवशी खालची बाके हितचिंतक गोऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. भिंती आपल्या झाल्या म्हणून मनातली उतरंड आपोआप मोडत नाही.

पण या मंडळीने चर्च केवळ प्रार्थनेपुरते ठेवले नाही. तळघरात शाळा भरवली. १८३२ मध्ये याच इमारतीत न्यू इंग्लंड गुलामगिरीविरोधी संस्थेची स्थापना झाली. या शाळेत शिकलेल्या विल्यम नेल यांनी पुढे वेगळ्या शाळांविरुद्ध लढा उभारला. लहानग्या सारा रॉबर्ट्सचा खटला १८५० मध्ये न्यायालयात हरला. लोक हरले नाहीत. १८५५ मध्ये राज्याने कायदा करून शाळांतील वर्णभेद बंद केला.

पुढे वस्ती शहराच्या दुसऱ्या भागात सरकली. १८९८ मध्ये मंडळीने इमारत विकली. नंतर तिथे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आले. सुमारे पाऊण शतक ती वास्तू परक्या हातात होती. १९७२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या संग्रहालयाने ती विकत घेतली. आज ती राष्ट्रीय स्मारक आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. ते नाते आपण फक्त भाषणात मिरवायचे का? २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेसची वास्तू रातोरात पाडली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. उतरायलाच हवे होते. पण वास्तू उभी असताना तिचे काय करतो, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. आपल्या वस्तीतल्या विहाराचे कुलूप फक्त जयंतीलाच उघडत असेल, तर ते पाडायला बाहेरून कुणी येण्याची गरज नाही. तिथे अभ्यासिका सुरू करा, जुनी कागदपत्रे आणि वृद्धांच्या आठवणी जपा. बोस्टनच्या त्या तळघरातून लढे उभे राहिले, कारण तिथे मुले शिकत होती.

जय भीम!