जाहिरात आणि प्रेक्षकाची संमती : दूरचित्रवाणीपासून आंतरजालावरील लघुपटापर्यंत

भारतात दूरचित्रवाणीवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. त्या काळी दूरदर्शनखेरीज पर्याय नव्हता. त्यामुळे कार्यक्रमांच्या दरम्यान येणारी जाहिरात टाळणे प्रेक्षकास कठीण असे. अल्प अवधी व पुनरुक्ती यांच्या बळावर मालाचे नाव स्मरणात रुजविणे, हे तिचे तंत्र होते.

आंतरजालाने हा संबंध पालटला. २००१ साली बीएमडब्ल्यू या जर्मन मोटार-कंपनीने ‘द हायर’ ही लघुपटमालिका आंतरजालावर आणली. आंग ली, वाँग कार-वाई प्रभृती दिग्दर्शकांच्या या कृती प्रेक्षक आपण होऊन पाहू लागले. २०१० पासून यूट्यूबवरील काही जाहिराती पाच सेकंदांनंतर वगळण्याची मुभा मिळाली आणि प्रेक्षकाची संमती निर्णायक ठरली. २०१३ मधील गूगलच्या ‘रीयुनियन’ या सुमारे साडेतीन मिनिटांच्या लघुपटात फाळणीने दुरावलेल्या दोन मित्रांची कथा आहे. शोधयंत्राचा उपयोग तिच्या ओघातच दिसतो.

तथापि पाहण्यास संमती म्हणजे खरेदीस संमती नव्हे. पुनरुक्तीने ओळख निर्माण होते, कथेने आपुलकी. परंतु कथा स्मरणात राहून मालाचे नाव विसरले जाणे, हा धोका लघुपटातच अधिक संभवतो. म्हणून केवळ प्रेक्षकसंख्येवरून जाहिरातीचा प्रभाव ठरविणे अभ्यासकाने टाळले पाहिजे.