नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली मुलगी

"मुलगा स्टेट्सला असतो" हे वाक्य पुण्यात मी वर्षानुवर्षं ऐकतोय. पत्रिका बघतात, पगार विचारतात. मुलगी कुठल्या व्हिसावर जाणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तिकडे मारहाण सुरू झाली की सगळं त्यावरच अडतं. म्हणून हा थोडा इतिहास सांगतो.

अमेरिकेत फॅमिली कोर्ट राज्याचं आणि इमिग्रेशन केंद्राचं. नवऱ्याने लांब राहावं असा हुकूम, मुलांचा ताबा, पोटगी हे कोर्टाच्या हातात आहे. संरक्षणाच्या हुकमासाठी बाईकडे ग्रीन कार्ड असायची अटही नाही. पण देशात राहायचा हक्क हे कोर्ट देऊ शकत नाही, आणि नवऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. "पोलिसांत गेलीस तर भारतात पाठवून देईन" या धमकीत दम येतो तो इथून.

हा दम कायद्यानेच भरला. खोटी लग्नं रोखायची म्हणून 1986 साली नियम झाला: लग्न नवं असेल तर ग्रीन कार्ड आधी दोन वर्षांचं, आणि ते पक्कं करायला नवरा-बायकोचा एकत्र अर्ज. म्हणजे मार खाणारीने मारणाऱ्याचीच सही आणायची! छळ झालेल्यांना यातून स्पष्ट सूट मिळाली 1990 मध्ये. मग 1994 च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याने बाईला नवऱ्याला पत्ताही न लागू देता स्वतः अर्ज करायची सोय दिली. घटस्फोट झाला तरी दोन वर्षांच्या आत तो करता येतो.

पण नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तरच हं. आपल्याकडच्या कितीतरी मुली जातात एच-4 वर, कारण नवराच एच-1बी वर असतो. त्यांना ही सोय नाही. उलट कोर्टाने घटस्फोट दिला की एच-4 चा आधारच संपतो. छळातून सोडवणारा हुकूमच तिला देशाबाहेर काढू शकतो! छळ झालेल्या एच-4 बायकांना कामाचा परवाना द्यायचं 2005 च्या कायद्यात ठरलं, अर्ज घ्यायला सुरुवात झाली 2017 मध्ये. एवढी वर्षं सरकारी खात्याला काही घाई नव्हती.

उरतो यू व्हिसा. तो 2000 साली आला, गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठी. त्याला पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशाचं प्रमाणपत्र लागतं. फॅमिली कोर्टाचा न्यायाधीशही सही करू शकतो, पण त्याच्यावर सक्ती नाही. वर्षाला व्हिसे फक्त 10,000, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची. या सगळ्या जंजाळात आपल्या बायकांचा हात धरला तो न्यू जर्सीतल्या 'मानवी'ने (1985) आणि न्यूयॉर्कच्या 'सखी'ने (1989). दोन्ही संस्था दक्षिण आशियाई बायकांनीच उभ्या केल्या.

आणि आपण? भारतात झालेलं लग्न परदेशी कोर्टाला रद्दबातल ठरवता येऊ नये, असा कायदा करा, असं आपल्या सुप्रीम कोर्टाने 1994 मध्येच सुचवलं होतं. अनिवासी भारतीयांच्या लग्न-नोंदणीचं विधेयक राज्यसभेत आलं 2019 मध्ये. कायदा काही झाला नाही.

तोवर निदान मुलीचा पासपोर्ट, व्हिसा आणि लग्नाचा दाखला, सगळ्यांच्या प्रती आई-वडिलांनी आपल्या कपाटात ठेवा. तिकडे कागद नवऱ्याच्या कुलपात गेले, तर याच प्रती तिच्या वकिलाला लागतील.